पोराचा गेमिंग कम्प्युटर आणि तीस क्विंटल धान

कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाने कम्प्युटरवर लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. पण अलीकडे बांधावर मला जे प्रश्न विचारले जातात त्यांत तुडतुडे आणि करपा यांच्या खालोखाल हा प्रश्न येऊ लागला आहे. "साहेब, पोरगा कम्प्युटर मागते, गेम खेळाचा. दुकानदार सत्तर हजार सांगते. का करू जी?"

बारव्ह्याकडच्या एका शेतकरी भाऊंनी डिसेंबर २०२५ मध्ये हे विचारले, तेव्हा ते धान खरेदी केंद्रावर आपला नंबर लागायची वाट पाहत होते. आम्ही तिथेच कागदावर हिशेब मांडला. खरीप २०२५-२६ साठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये. सत्तर हजारांना भागून पाहा, तीस क्विंटलाच्या आसपास येते. चाळीस किलोचे पंचाहत्तर कट्टे! भाऊ कट्ट्यांच्या थप्पीकडे पाहू लागले.

"घरी अगोदरचा कम्प्युटर आहे ना?" मी विचारले.

"आहे जी. मोठ्या पोरीच्या शिक्षणासाठी घेतला होता, २०१९ मंधी. पन आता लय हळू चालते. भंगारात टाका म्हनते तो दुकानदार."

भंगारात टाकण्याआधी एकदा पाहू तर द्या, असे म्हणून मी दुसऱ्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. तिथे जे दिसले आणि आम्ही जे केले, ते तुमच्याही कामाचे आहे. ज्यांच्या घरी गेम खेळणारे पोर नाही त्यांनीही वाचावे, कारण ग्रामपंचायतीतले, शाळेतले आणि सेवा केंद्रातले यंत्रही याच जातीचे असते.

आधी रोग ओळखा

धानात जस्ताची कमतरता असली की खैरा येतो, हे तुम्हाला सांगायला नको. पाने तांबूस पडतात, वाढ खुंटते. अशा वेळी आपण युरियाचे पोते आणखी ओततो आणि पैसा मातीत जातो. मातीत जे अन्नद्रव्य सर्वांत कमी असेल तेच पिकाला अडवून धरते, हा नियम लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने आम्हाला पदविकेच्या अभ्यासात शिकवला होता. कम्प्युटरला हा नियम तंतोतंत लागू पडतो. त्यात पाच-सहा मुख्य भाग असतात आणि सर्वांत कमजोर भाग बाकीच्या सगळ्यांना ओढून ठेवतो. नवा कम्प्युटर घेणे म्हणजे एका जस्तापायी सगळी माती बदलणे.

कमजोर भाग ओळखायला पैसे लागत नाहीत. गेम सुरू करा, दहा मिनिटे खेळा आणि मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तिच्यात परफॉर्मन्स या ठिकाणी प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांवर किती टक्के भार आहे ते दिसते. जो शंभराला टेकलेला असेल तो तुमचा खैरा.

भाऊंच्या घरी पाहिले तर डिस्क शंभर टक्के, मेमरी नव्वदच्या वर आणि प्रोसेसर मात्र तीस टक्क्यांवर निवांत. दुकानदाराने ज्याला "जुना झाला" म्हणून सांगितले होते तो प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-फाईव्ह होता आणि त्याला धड कामच मिळत नव्हते. ग्राफिक्स कार्ड तर नव्हतेच. खेळातले चित्र काढण्याचे सगळे काम प्रोसेसरमधल्या लहानशा भागावर पडत होते. बारावीतला त्यांचा मुलगा म्हणाला, "साहेब, गेम चालू व्हाले चार-पाच मिनिटं लागते, मंग अटकून अटकून चालते."

मग आम्ही डबा उघडला. आत पंख्यावर आणि प्रोसेसरच्या जाळीवर बोटभर जाड थर होता. त्यात कोंडा, तणसाचे बारीक तुकडे, चुलीच्या धुराचा चिकट काळा लेप आणि एक वाळलेली पाल, असे सगळे निघाले. कम्प्युटर ठेवला होता धानाचे कट्टे ठेवतात त्याच खोलीत, जमिनीवर, भिंतीला लागून. पंखा फिरत होता, पण त्याला हवाच मिळत नव्हती.

काय बदलले, किती लागले

पहिले काम साफसफाईचे. त्याला ब्रश आणि थर्मल पेस्ट मिळून चारशे रुपयांच्या आत खर्च आला. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरे, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई इकडेतिकडे जाऊन माहिती शोधते. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. साधी साटा पद्धतीची एसएसडीही सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या वर माहिती वाचते. फिरती डिस्क दीडशेच्या आसपास थांबते आणि विखुरलेल्या लहान फाइली वाचताना तर फारच मागे पडते. जुन्या यंत्राला जीव येतो तो सर्वांत जास्त याच एका बदलाने. जुनी हार्डडिस्क आम्ही काढून टाकली नाही, फोटो आणि सिनेमे ठेवायला तशीच राहू दिली.

तिसरे, रॅम. आठ जीबीची एकच पट्टी होती, शेजारची खाच रिकामी. तशाच दुसऱ्या पट्टीने सोळा जीबी झाली. शिवाय दोन पट्ट्या जोडीने काम करतात, त्याचाही वेग मिळतो. पट्टी विकत घेताना डीडीआर-३, ४ की ५ हे आधीच्या पट्टीवर वाचून जा. तिन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, एक दुसरीत बसत नाही आणि बळजबरी केली तर मदरबोर्ड जातो. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, कारण जगातल्या मोठ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. कोरियात ठरलेल्या भावाचा चटका लाखांदूर तालुक्यात बसतो तो असा. आम्ही नागपूरहून वापरलेली पट्टी आणली. रॅममध्ये झिजणारा भाग नसल्याने वापरलेली घेण्यात फार धोका नाही, फक्त दुकानातच लावून पाहावी.

चौथे आणि पाचवे जोडीने आले, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या कम्प्युटरला हौसेने ग्राफिक्स कार्ड लावले, पण पॉवर सप्लायची पेटी जुनीच ठेवली. तिच्यावर ५०० वॅट असे ठळक छापलेले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फट्ट आवाज आला, जळका वास सुटला आणि पेटीबरोबर मदरबोर्डही गेला. ती पेटी हातात घेतली तर रिकाम्या डब्यासारखी हलकी होती. पॉवर सप्लायचे वजन हातात जाणवले पाहिजे आणि त्यावर "८० प्लस" ही खूण पाहिली पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो. स्टिकरवरचा आकडा बियाण्याच्या पिशवीवरच्या चित्रासारखा असतो, कणसे नेहमी भरलेलीच.

मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सच्या लांब खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. जीटीएक्स १६५० ची बरीच कार्डे तेवढ्यावर चालतात. मोठ्या कार्डाला पेटीतून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर लागते, ती तुमच्या पेटीला आहे का हे आधी पाहा. कचेऱ्यांमधून निघालेले नामांकित कंपन्यांचे कम्प्युटर स्वस्तात मिळतात आणि यंत्रे चांगली असतात. पण त्यांच्या पेटीचे आकार व जोड त्या कंपनीपुरतेच असतात, बाजारातली साधी पेटी त्यात बसत नाही. डबा बारका असेल तर अख्ख्या उंचीचे कार्डही मावत नाही. म्हणून फूटपट्टी घेऊन आतली जागा मोजा, मगच पैसे द्या.

आम्ही वापरलेले १६५० कार्ड घेतले. नंतर मोठे कार्ड लावता यावे म्हणून पेटी मात्र नवीन, बिलासह. वापरलेले कार्ड विकत घेताना दुकानात अर्धा-एक तास गेम चालवून दाखवायला सांगा. पंख्याची घरघर ऐका आणि पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का ते पाहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. बैल घेताना आपण दात पाहतोच की.

सगळे मिळून साडेअठरा हजार लागले. म्हणजे आठ क्विंटलाच्या आत. आता त्या यंत्रावर व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह हे खेळ मध्यम सेटिंगवर सुरळीत चालतात. अगदी नवे, भारी खेळ चालत नाहीत, हेही सांगतो. ते पाहिजेत तर अधिक पैसा लागतो. मात्र तेव्हाही शंकरपटातली जोडी आठवा. एक बैल चपळ आणि दुसरा मंद असेल तर जोडी मंद बैलाच्या चालीने पळते. पन्नास हजारांचे कार्ड जुन्या प्रोसेसरला जुंपून उपयोग नाही.

एक गंमतही झाली. सगळे लावून झाले तरी खेळ पहिल्यासारखाच अडकत होता. अर्धा तास डोके खाजवल्यावर कळले, मॉनिटरची वायर जुन्या जागी मदरबोर्डलाच लावलेली होती. ती कार्डाला लावावी लागते. तुमच्याकडे असे झाले तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी एवढे पाहा.

"विंडोज ११ चालत नाही" म्हणतात तेव्हा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचा वाढीव आधार दिला, तो वेगळा. पण "बंद झाले, आता नवाच घ्या" असे सांगून बरीच चांगली यंत्रे भंगारात गेली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर किंवा एएमडीचा रायझन २००० पासूनचा चालतो. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ही सोय या काळातल्या बहुतेक मदरबोर्डांत असते, फक्त बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन इंटेलसाठी पीटीटी आणि एएमडीसाठी एफटीपीएम सुरू केले की काम होते. भाऊंच्या कम्प्युटरला एवढेच करावे लागले. दुकानदाराने मात्र त्याच कारणासाठी यंत्र बाद ठरवले होते.

विजेचा त्रास

आपल्याकडे कम्प्युटर मरतो तो म्हातारपणाने कमी आणि विजेने जास्त. उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या दिवसांत, जिथे गावठाण आणि मोटारींची लाईन एकाच डीपीवर आहे तिथे संध्याकाळी व्होल्टेज कुठपर्यंत उतरते हे तुम्हाला बल्बकडे पाहून कळते. मग एकदम मोटारी बंद होतात आणि व्होल्टेज उसळते. चांगल्या पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, तो हे चढउतार बऱ्यापैकी सहन करतो. स्वस्त पेटीला ते जमत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अर्थिंगची. कम्प्युटरच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या बोर्डाला अर्थिंग नाही, असे समजा. घरोघरी तीन पिनांची वायर दोन पिनांच्या बोर्डात कशीतरी खुपसलेली दिसते. मोटारपंपाला आपण कोळसा-मीठ घालून खड्डा करतो, तसाच घराला करावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहावे. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टांच्या वर नसावे.

यूपीएस घ्यायचा तर वॅट पाहून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, हलक्या गेमिंग कम्प्युटरला तो पाच-दहा मिनिटे पुरतो. तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचे, खेळत बसायचे नाही. मोठे कार्ड असेल तर १,००० व्हीए घ्यावा. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, ती बदलता येते, अख्खा यूपीएस फेकू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस मोड असे बटण असते का ते पाहा. दुसऱ्या मोडवर लाईन गेल्याक्षणी कम्प्युटर बंद पडतो.

पावसाळ्यातली कडाडणारी वीज हा आमचा जुना शत्रू. मृगाच्या आगेमागे एका रात्री गडगडाट सुरू झाला, मी उठून पॉवरची पिन काढली आणि निर्धास्त झोपलो. सकाळी कम्प्युटर चालू झाला, पण इंटरनेट कायमचे गेले. वीज इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतून आत आली होती. तेव्हापासून दोन्ही वायरी काढतो. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेले दामिनी ॲप तुमच्या मोबाइलवर असेलच. २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजांचा धोका असला की ते सांगते. शेतातून घरी या म्हणून जे ॲप आम्ही तुम्हाला घ्यायला लावले, तेच पिन काढायलाही उपयोगी आहे.

धूळ, ऊन आणि ओल

साफसफाईचे वेळापत्रक मी पिकाच्या हंगामाला बांधून दिले आहे, म्हणजे विसरायला होत नाही. मळणी उरकली की एकदा आणि मृग लागण्याआधी एकदा. मळणी चालू असताना तर कम्प्युटर झाकून बंदच ठेवावा. एरवी मात्र चालू यंत्रावर प्लास्टिक किंवा टॉवेल टाकू नये, आतली गरम हवा आतच राहते.

पिन काढा, नंतर चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघतो. डबा अंगणात न्या. रंगाचा मऊ, कोरडा, नवा ब्रश घ्या. हात लावण्याआधी डब्याच्या लोखंडाला स्पर्श करा. पंख्याचे पाते बोटाने धरूनच धूळ झटका किंवा ब्लोअर मारा, मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. पंक्चरच्या दुकानातली हवा मारू नका, तिच्यात पाण्याचे थेंब असतात. ओला फडका, रॉकेल, पेट्रोल यांतले काहीही नको. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलक्या हाताने फिरवा. "चालू होते पण पडदा काळाच" ही तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच जाते. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यात जीवघेणा झटका देण्याएवढी वीज साठून राहते.

प्रोसेसर आणि त्याच्यावरची जाळी यांच्यामध्ये थर्मल पेस्ट असते, तीन-चार वर्षांत ती वाळते. जाळी काढली की जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागते. किती? तांदळाच्या एका जाड दाण्याएवढी. पोरे जिलेबी काढल्यासारखी ट्यूब पिळतात, त्याने फायदा काहीच नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. खोलीच एवढी तापली तर यंत्र थंड कशाने होणार? एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये तापमान दिसते. खेळताना ७५-८० अंश ठीक, नव्वदच्या वर जात असेल तर थांबा. मे महिन्यात दुपारी खेळू नये, पहाटे किंवा रात्री खेळावे. उन्हाळी धानाला आपण पाणी केव्हा देतो, तसेच हे. डबा जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर दूर, कट्ट्यांच्या खोलीत नाही. समोरच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावा आणि पंधरा दिवसांनी धुवा. पाल, मुंग्या आणि उंदीर यांच्यासाठी मागची रिकामी भोके पत्र्याने बंद करा. पावसाळ्यात चार-चार दिवस बंद ठेवू नका, रोज अर्धा तास तरी चालवा, म्हणजे आतल्या उबेने ओल निघून जाते.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवक साहेबच म्हणतो, त्यांनी आणि सरपंच मंडळींनी कपाटामागे टाकलेले कम्प्युटर एकदा बाहेर काढून पाहावेत. २०११ च्या सुमारास संग्राम योजनेत आलेली यंत्रे आता खरोखर म्हातारी आहेत, त्यांचा मोह नको. पण त्यानंतर घेतलेल्या एखाद्या यंत्रात आठव्या पिढीचा प्रोसेसर निघाला, तर एसएसडी आणि रॅम टाकून ते दाखल्यांच्या कामाला आणखी काही वर्षे सहज चालेल. डेडस्टॉक रजिस्टरला निर्लेखनाची नोंद करण्याआधी एवढी तपासणी व्हावी. डिस्क बदलण्याआधी कर आकारणीच्या आणि इतर फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडते का हे बघावे. जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नये, तिच्यात गावाची माहिती असते. वायरी जाळून तांबे काढणेही बंद करा. त्या धुरातले विष आपल्याच पोरांच्या छातीत जाते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार तो नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा.

राहिला गेमचा प्रश्न. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद केले, त्यात पोरगा अडकलेला नाही ना एवढे बापाने पाहावेच. बाकी खेळाचा मला फारसा राग नाही. मंडईत रात्रभर नाटक पाहून सकाळी बांधावर पेंगणारे आपणच. भाऊंच्या मुलाशी मी एवढेच ठरवले की डबा उघडणे, झाडणे आणि पेस्ट लावणे त्याने स्वतः करायचे. होळीनंतर गेलो तर त्याने शेजारच्या दोघांचे कम्प्युटर साफ करून दिले होते, शंभर-शंभर रुपये घेऊन. वाचलेल्या पैशांतून भाऊंनी मोटार नव्याने गुंडाळून घेतली आणि घराला अर्थिंगचा खड्डा केला.